शेरा लिहिणाऱ्याची अडचण

शिक्षकांच्या कामाच्या मूल्यमापनाचा विषय निघाला की पालकांची तक्रार ऐकू येते, शिक्षक संघटनांची कैफियत ऐकू येते, आणि सरकारी परिपत्रकांची भाषा तर सदैव कानांवर असतेच. परंतु वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसणारा, तासाभराने उठून शेरेबुकात चार ओळी लिहिणारा आणि वर्षअखेरीस त्याच शिक्षकाच्या गोपनीय अहवालात एक विशेषण नोंदवून खाली सही करणारा जो मनुष्य, त्याला स्वतःला या व्यवहाराविषयी काय वाटते, हे क्वचितच कोणी विचारतो. केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि खाजगी शाळांतले मुख्याध्यापक ही ती मंडळी. शिक्षकावर अन्याय होतो तो यांच्या लेखणीतून आणि त्याला न्याय मिळतो तोही यांच्याच लेखणीतून. त्यामुळे त्यांची अडचण समजून घेतल्यावाचून या विषयाचा उलगडा व्हायचा नाही, अशी माझी समजूत आहे.

ती अडचण उघड्या डोळ्यांनी पाहायची असेल तर वणीसारखा तालुका शोधूनही सापडणार नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, निर्गुडेच्या काठी वसलेले हे गाव लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मस्थान. १९०५ पर्यंत साऱ्या जिल्ह्यालाच या गावाचे नाव होते. तालुक्याच्या एका अंगाला उकणी, निलजई यांसारख्या कोळशाच्या खाणी आहेत, जेथे नोकरीच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले घरी हिंदी किंवा तेलुगू बोलतात, पण ज्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि संध्याकाळी शिकवणीही लावलेली असते. दुसऱ्या अंगाला काळ्या जमिनीतला कापूस आहे, आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की हजेरीपटावरील नावांसमोर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आणि मारेगाव-झरीजामणीच्या दिशेने सरकत गेले की कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, लागतात. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींची गणना महाराष्ट्रात आदिम म्हणून होते. पोडावरचे मूल प्रथम शाळेत येते तेव्हा त्याच्या तोंडी कोलामी असते, आणि ती द्राविड कुळातली भाषा असल्यामुळे मराठी बालभारतीचे पहिले पान त्याच्या दृष्टीने परमुलखातले असते.

आता या तिन्ही ठिकाणच्या शाळांत तीन शिक्षक आहेत आणि तिघांचे काम तपासणारा छापील नमुना एकच आहे, अशी कल्पना करावी. खरे तर कल्पनेचीही जरूर नाही, कारण वस्तुस्थितीच तशी आहे. तिसरीतली किती मुले अस्खलित वाचतात, किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, या रकान्यांत खाणीजवळच्या शाळेचा आकडा पोडावरच्या शाळेपेक्षा मोठा येणार, हे तपासणी करणाऱ्याला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच ठाऊक असते. त्याला हेही ठाऊक असते की पोडावरच्या ज्या शिक्षकाने दोन वर्षांत कोलामीतले दोनशे शब्द आत्मसात केले, मुलांना आधी बोलते केले, मग ऐकते केले आणि अखेर जेमतेम अक्षरओळखीपर्यंत आणले, त्याचे श्रम कदाचित पहिल्या शिक्षकाहून दुप्पट आहेत. परंतु मूल कोठून निघाले हे नोंदवायला नमुन्यात जागाच नसते, ते कोठे पोचले एवढेच विचारलेले असते. मूल्यमापन करणाऱ्याच्या मनात जो निवाडा झालेला असतो आणि कागदावर जो उमटतो, त्या दोहोंमधले अंतर येथून सुरू होते.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे लेखी निवेदन सादर केले, त्यात शाळा-तपासणीविषयीचा एक मजकूर आहे, आणि तो आजच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने मुद्दाम वाचावा अशा योग्यतेचा आहे. दिपोटीने, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरने, वर्षातून एकदा शाळेला भेट दिल्याने काहीएक साधत नाही, तपासणी निदान दर तिमाहीला तरी व्हावी, शिवाय आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहिल्या जाव्यात, आणि गावच्या किंवा जिल्ह्याच्या महसुली अंमलदारांवर या कामी विसंबून राहू नये, कारण नाना प्रकारच्या कामांच्या ओझ्याखाली ते तपासणी करतात ती वरवरची असते, असे जोतीरावांचे म्हणणे होते. एवढे वाचून कोणी म्हणेल की जोतीराव कडक देखरेखीचे पुरस्कर्ते होते. आणि ते होतेच. पण त्याच निवेदनात त्यांनी दुसरीही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे मांडली आहे: निकालाच्या प्रमाणात पैसा देण्याची जी पद्धत तेव्हा रूढ होती, ती गरीब आणि अशिक्षित लोकांमध्ये विद्याप्रसार करण्याच्या कामी निरुपयोगी आहे, कारण ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही तेथे त्या पैशावर पोट भरण्याच्या आशेने कोणी शिक्षक शाळा काढणार नाही. देखरेख वाढवा, परंतु निकालावर पैसा मोजू नका, या दोन सूचना त्यांनी एकाच वेळी केल्या आणि त्यांत त्यांना विसंगती दिसली नाही. पुढच्या जवळजवळ दीडशे वर्षांत आपण बहुधा याच्या नेमके उलट करीत आलो.

ती निकालावर पैसा मोजण्याची पद्धत मूळची विलायतेतली. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी तेथील प्राथमिक शाळांना लागू केलेल्या नियमांनुसार शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले, आणि ती परीक्षा घेण्याचे काम तपासणी अधिकाऱ्यांकडे आले. त्या तपासनिसांपैकी एक मॅथ्यू आर्नोल्ड. कवी आणि समीक्षक म्हणून त्यांची कीर्ती जगभर असली, तरी उदरनिर्वाहासाठी त्यांनी १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा तपासण्याचीच नोकरी केली, आणि या नियमांचा सर्वांत तीव्र निषेधही त्यांनीच केला. सरकारी नोकरीत असताना सरकारी धोरणाविरुद्ध लिहिणे हे सामान्य धारिष्ट नव्हे. त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा की, पूर्वी तपासनीस शाळेत गेला म्हणजे शाळेचा एकंदर जीव कसा आहे हे पाहत असे. आता तो एकेका मुलाला उभे करून पास-नापासाच्या खुणा करणारा कारकून झाला, आणि शिक्षकही तेवढ्या खुणांपुरतेच शिकवू लागला. मूल्यमापन करणाऱ्याच्या बाजूने उठलेला हा बहुधा पहिलाच मोठा आवाज असावा. मुंबई इलाख्यात हीच पद्धत १८६० च्या दशकात, शिक्षणखात्याचे डायरेक्टर सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकीर्दीत आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपाने टिकून राहिली. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. परंतु पुढे जे घडले त्यापासून वणीचे शिक्षक अलिप्त राहिले नाहीत.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने या वेतनश्रेण्यांना एक नवी अट जोडली: प्राथमिक शिक्षकाची शाळा प्रगत ठरलेली असावी आणि शाळासिद्धीच्या मूल्यांकनात तिला ‘अ’ श्रेणी असावी, माध्यमिक शिक्षकाच्या बाबतीत नववी-दहावीचा निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर असावा. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. केवळ वर्षे मोजून पगार वाढवण्यापेक्षा कामाची काही तरी कसोटी असावी, ही अपेक्षा करदात्याच्या दृष्टीने न्याय्यच आहे. परंतु परिणाम काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पोडावरच्या शाळेत बारा वर्षे काढलेल्या शिक्षकाची वेतनवाढ, ज्या शाळेत इमारत, वीज, पाणी आणि पटसंख्या यांपैकी कशावरही त्याचा अधिकार नाही, त्या शाळेच्या श्रेणीवर अवलंबून राहिली. आणि शाळासिद्धीच्या सात क्षेत्रांतल्या शेहेचाळीस मानकांवर खूण करण्यासाठी गेलेल्या निर्धारकाच्या पेन्सिलीला एकाएकी माणसाच्या भाकरीचे वजन आले. शाळासिद्धीची मूळ कल्पना अशी की शाळेने स्वतःच्या उणिवा स्वतः प्रामाणिकपणे नोंदवाव्या आणि मग सुधारणेची योजना आखावी. उणीव कबूल केली तर पगार अडतो, अशी व्यवस्था झाल्यावर उणीव कोण कबूल करील? २६ ऑगस्ट २०१९ च्या निर्णयाने ही अट मागे घेण्यात आली. जे जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितले होते, ते आपल्याला पुन्हा एकदा अनुभवाने शिकावे लागले.

येथे एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला लागूनच असलेल्या तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी ग्रामीण प्राथमिक शाळांत केलेला एक विस्तृत प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात विद्यार्थ्यांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बक्षिसी दिल्यावर गणितात आणि भाषेत मुलांचे गुण निश्चित वाढल्याचे आढळले. मग पैशाचा आणि निकालाचा संबंध सर्वथा त्याज्य कसा? उत्तर त्या प्रयोगाच्या रचनेतच आहे: तेथे मोजली गेली ती मुलांची वाढ, म्हणजे वर्षारंभी मूल जेथे होते तेथून ते किती पुढे सरकले एवढीच, शिवाय ती रक्कम पगाराच्या वर मिळणारी होती, हक्काची वेतनश्रेणी रोखून धरणारी नव्हती, आणि चाचण्या बाहेरच्या लोकांनी घेतलेल्या होत्या. २०१७ च्या अटीत यांपैकी पहिल्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. केवळ उंची मोजायची म्हटले की डोंगरावर जन्मलेला माणूस नेहमीच जिंकतो.

मूल्यमापन करणाऱ्यांचे मन जाणून घेण्याचा थेट प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. २००९ नंतर तेथील बऱ्याच राज्यांनी शिक्षक-मूल्यमापनाच्या पद्धती मोठ्या खटाटोपाने बदलल्या. प्रत्येक वर्गात दीर्घ निरीक्षण, सविस्तर निकष आणि अनेक श्रेणी आल्या. मॅथ्यू क्राफ्ट आणि ॲलिसन गिल्मर या संशोधकांनी चोवीस राज्यांचे आकडे तपासले, तेव्हा बहुसंख्य राज्यांत सर्वांत खालच्या श्रेणीत पडलेल्या शिक्षकांचे प्रमाण पूर्वीप्रमाणेच शेकडा एकहूनही कमी निघाले. मग त्यांनी एका मोठ्या शहरातल्या मूल्यमापकांनाच विचारले की तुमच्या शाळेत खरोखर किती शिक्षक अपेक्षेपेक्षा उणे आहेत; आणि त्यांनी मनाशी धरलेली संख्या त्यांनी स्वतः कागदावर लिहिलेल्या संख्येच्या तिपटीहून अधिक होती. असे का लिहिता, या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरे ऐकावी, म्हणजे माणसे सर्वत्र सारखीच असतात याची खात्री पटते. प्रतिकूल शेरा लिहिला की त्यामागून समज, पाठपुरावा आणि कागदपत्रे यांचे जे शेपूट लागते त्याला वेळ नाही. नवखा शिक्षक आहे, आज कठोर लिहिले तर उमेद खचेल. तोंडावर वाईट बोलणे जड जाते. आणि याला घालवले तर याच्या जागी याहून बरा मिळेल कोठून?

यांतले शेवटचे उत्तर तर जणू झरी-वणीच्या रस्त्यावर उभे राहूनच दिलेले वाटते. आडबाजूच्या शाळेवर नेमणूक झालेला शिक्षक बदलीची वाट पाहत असतो, हे सारे जाणतात. अशा ठिकाणी जो टिकून आहे, जो रोज मोटरसायकल चिखलातून ढकलीत का होईना दहाच्या ठोक्याला शाळेचे कुलूप उघडतो, त्याच्या अध्यापनात उणीव दिसली तरी त्याच्या गोपनीय अहवालात ‘साधारण’ असे लिहिण्याचा धीर केंद्रप्रमुखाला होत नाही. तो ‘चांगला’ किंवा ‘निश्चित चांगला’ लिहितो. याला कोणी कर्तव्यच्युती म्हणेल. मला ती अर्धीच पटते. ज्याच्या हाती शिक्षा करण्याचे साधन आहे पण मदत करण्याचे साधन नाही, असा सहृदय अंमलदार शिक्षेचे साधन म्यान करून ठेवतो, आणि मग त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

कायद्याने या कामी काही कमी काळजी घेतली आहे असे नव्हे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८१ साली जे नियम झाले, त्यांत गोपनीय अहवाल दरवर्षी लिहिणे बंधनकारक आहे, शिक्षकाने स्वतःच्या कामाचे निवेदन द्यायचे आहे, प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवायचा आहे, आणि अहवाल लिहिलाच नाही किंवा शेरा कळवलाच नाही तर त्या वर्षाचे काम समाधानकारक होते असे मानायचे आहे. पुढे २००८ मध्ये देवदत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: केवळ प्रतिकूल नव्हे, तर प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे, कारण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा असेल तर नुसते ‘चांगला’ हेही त्या माणसाच्या वाटेतली धोंड ठरते. हा न्याय शिक्षणखात्यातल्या नव्हे, सीमा सडक संघटनेतल्या एका अभियंत्याच्या प्रकरणात झाला, पण त्याचा लाभ प्रत्येक सरकारी सेवकाला झाला. अहवाल पूर्वीच्या अर्थाने गोपनीय राहिला नाही, ही गोष्ट इष्टच. मात्र त्याबरोबरच लिहिणाऱ्याचा हात अधिक आखडला, हेही खरे; ज्या वाक्याचे समर्थन पुराव्यानिशी करावे लागणार, आणि पुरावा म्हणून वर्षभरातल्या दोन धावत्या भेटींवाचून जवळ काही नाही, ते वाक्य कोण लिहील?

म्हणजे प्रश्न अखेर वेळेपाशी येऊन थांबतो. १९९४ साली महाराष्ट्राने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले ते याच जाणिवेने की गटशिक्षणाधिकाऱ्याला तालुक्याच्या साऱ्या शाळा पाहणे अशक्य आहे. दहाएक शाळांचे एक केंद्र, आणि त्या शाळांच्या गुणवत्तेची वास्तपुस्त करणारा एक अनुभवी शिक्षक, अशी ती सुरेख योजना होती. पुढे त्यांतली पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आला, आणि जो पदावर होता तो पोषण आहाराच्या नोंदी, पटसंख्येचे तक्ते, ऑनलाइन माहिती आणि वरून मागवलेली तातडीची विवरणे गोळा करण्यात बुडून गेला. शाळेत तो जातो; पण वर्गात बसतो का? कार्यालयात बसून दप्तर पाहण्यातच भेटीचा वेळ सरतो. महसुली अंमलदारांच्या तपासणीविषयी जोतीरावांनी जे लिहिले होते, ते आज खास शिक्षणासाठी नेमलेल्या माणसालाच लागू पडावे, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत खेदाची बाब वाटते.

वेळ मिळाला तरी एक गाठ उरतेच. ज्याने शिक्षकाला मार्गदर्शन करायचे, त्यानेच त्याचा निवाडाही करायचा, ही ती गाठ. आपल्याला अपूर्णांक शिकवताना अडचण येते, हे शिक्षक ज्याच्याजवळ मोकळेपणाने सांगेल तोच माणूस वर्षअखेरीस अहवाल लिहिणार असेल, तर शिक्षक ते सांगणार नाही. आणि न सांगितलेल्या अडचणीवर मार्गदर्शन होत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये प्रशासन आणि शैक्षणिक पर्यवेक्षण ही दोन कामे अलग करावीत, अशी शिफारस केली. वार्षिक तपासणी जिल्हा पातळीवरून व्हावी, आणि तीन ते पाच वर्षांतून एकदा अनुभवी मंडळींच्या गटाने शाळेची सखोल पाहणी करावी, असेही सुचवले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे; खेड्यातली एकशिक्षकी शाळा त्यांना केवळ अहवालांतून ठाऊक नव्हती. त्या गटपाहणीच्या कल्पनेला पुढे दूरच्या संशोधनानेही दुजोरा दिला आहे. अमेरिकेत सुमारे तीन हजार शिक्षकांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली बाहेर आले. त्यांत असे दिसले की एकाच निरीक्षकाने आणखी एक तास पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने एक तास पाहिला तर निवाडा अधिक विश्वसनीय होतो, आणि शाळाप्रमुख आपल्याच शिक्षकांना बाहेरच्या निरीक्षकापेक्षा थोडे झुकते माप देतात.

निकषांची तर वानवा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी कामगिरीचे दर्शक तयार केले, त्यांत अध्ययन-अनुभवांची आखणी, विषयज्ञान, शिकवण्याच्या रीती, परस्परसंबंध, स्वतःचा विकास, शाळेचा विकास आणि हजेरी अशी सात अंगे आहेत, आणि प्रत्येक बाबतीत शिक्षकाने आधी स्वतःला चार पायऱ्यांवर कोठेतरी ठेवायचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकांची कल्पना मांडली आहे. ही सारी परिभाषा अभ्यासपूर्ण आहे. पण केंद्रप्रमुखाला नवीन तक्ता नको आहे, त्याला वर्गात बसायला सकाळ हवी आहे. आणि एक विलक्षण विषमता अशी की, महाराष्ट्राने २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारल्यामुळे पहिलीतल्या मुलासाठीसुद्धा शिक्षकाला वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. मूल कोठे अडखळते, कशात रमते, गेल्या सत्रापासून काय बदलले, हे सारे वाक्यांत मांडावे लागते. त्याच शिक्षकाचे स्वतःचे वर्ष मात्र एका विशेषणात मिटवले जाते. सहा वर्षांच्या मुलाला जो न्याय आपण देऊ केला, तो चाळीस वर्षांच्या माणसाला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

वणी पंचायत समितीपुरता विचार केला तरी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांना फारसा खर्चही नाही. वेचणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, अशा दोन भेटी प्रत्येक वर्गाला पूर्ण तासाच्या व्हाव्यात. त्यांपैकी एका भेटीला शेजारच्या केंद्राचा केंद्रप्रमुख असावा. वर्षारंभी मुले कोठे होती याची नोंद शिक्षकाच्या निवेदनालाच जोडलेली असावी. पोडावरच्या शाळेत कोलामी समजणारे कोणी माणूस पाहणीच्या वेळी हजर असावे, नाहीतर मुले गप्प का आहेत याचा भलताच अर्थ लिहिला जातो. आणि या सर्वांच्या आधी केंद्रप्रमुखाच्या स्वतःच्या फिरती-दैनंदिनीचा नमुना बदलावा लागेल. आज त्यात किती शाळांना भेटी दिल्या हे विचारतात. कोणत्या शिक्षकाला कोणती अडचण होती आणि मागच्या भेटीनंतर तिचे काय झाले, हा रकाना त्यात नाही, आणि म्हणून ज्या केंद्रप्रमुखाने एकाच शाळेत सबंध दिवस काढून एका नवख्या शिक्षिकेचा गणिताचा पाठ तिच्याबरोबर पुन्हा बसवला, त्याचा तो दिवस त्याच्याच मासिक अहवालात एक भेट एवढाच मोजला जातो.